आपली शाळा वाचली म्हणजे झाले?

रविवारची दुसरी मिस्सा आटोपली की आमच्या चर्चच्या आवारात, ग्रोटोसमोरच्या आंब्याखाली, दहा-बारा प्रापंचिक मंडळी अर्धा तास रेंगाळतात. सभा नव्हे, गप्पाच. टँकर आला नाही, रस्ता दोनदा खोदला, दाखल्यासाठी चार खेपा घातल्या, अशा तक्रारींची फेरी पुरी झाली की कोणीतरी हमखास निष्कर्षावर येतो : "फादर, ह्या देशाला पाच वर्षं एक हुकूमशहाच हवा. सगळे सुतासारखे सरळ होतील." गेली पंचवीसहून अधिक वर्षे, चार धर्मग्रामांत, आम्ही हे वाक्य ऐकत आलो आहोत आणि बोलणाऱ्याचा वैताग ओळखून हसून सोडूनही देत आलो आहोत. मागच्या महिन्यात मात्र त्याला एक जोडवाक्य मिळाले. बोलणारे गृहस्थ आमच्या विश्वासातले, कोणाच्याही अडचणीला रात्री-अपरात्री धावून जाणारे. ते म्हणाले, "येऊ दे ना, फादर. आपलं काय बिघडतं? आपली शाळा चालली, आपला सण नीट पार पडला, म्हणजे झालं." ह्यावर कोणी हसले नाही. उलट तीन-चार माना डोलल्या. ह्या लेखाचा प्रपंच त्या डोललेल्या मानांसाठी आहे.

"फॅसिस्ट" हा शब्द आता शिवी म्हणून इतका वापरून झाला आहे, की त्याची धार गेली आहे. कडक मुख्याध्यापकही फॅसिस्ट आणि वेळेवर दरवाजा बंद करणारा सॅक्रिस्टनही फॅसिस्ट! ही उधळपट्टी आम्हांला मान्य नाही. तो शब्द जिथे जन्मला त्या इटलीतच तो तपासला पाहिजे. त्याला आणखी एक कारण आहे. इटली हा कॅथलिकांचा देश. तिथे घडले ते कोणा परक्यांना घडले नाही. आपल्यासारख्याच, मिस्सेला जाणाऱ्या, मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद थाटाने साजरा करणाऱ्या कुटुंबांना घडले.

आधी सिद्धान्त. १९३२ साली इटालियन विश्वकोशात फॅसिझमवरील लेख मुसोलिनीच्या नावाने छापला गेला. त्याचा तात्त्विक भाग तत्त्वज्ञ जिओव्हानी जेंतिले ह्यांनी लिहिला होता. त्याचे सार असे : राज्य हा नागरिकांनी आपापल्या सोयीसाठी केलेला करार नव्हे. राज्य हे स्वतःच एक नैतिक, आध्यात्मिक अस्तित्व आहे आणि व्यक्तीला अर्थ येतो तो त्या राज्याचा अंश म्हणून. मुसोलिनीने १९२५ सालीच मिलान येथील भाषणात हे सूत्ररूपाने सांगून टाकले होते. सर्व काही राज्याच्या आत, राज्याबाहेर काही नाही, राज्याविरुद्ध काही नाही. ह्या सूत्राला आपली श्रद्धा काय उत्तर देते हे धर्मशिक्षणाच्या वर्गातील मूलही सांगेल. कुटुंब राज्याच्या आधीचे आहे आणि सदसद्विवेकबुद्धी राज्याने दिलेली नाही, म्हणून राज्याला ती परत मागता येत नाही. अकरावे पायस ह्यांनी १९३१ च्या मे महिन्यातील सामाजिक परिपत्रकात म्हटले, की जे काम लहान समूह करू शकतो ते मोठ्या समूहाने हिरावून घेऊ नये. दोन्ही विचार शेजारी ठेवले तर त्यांच्यात तडजोडीला जागा दिसत नाही.

आणि तरीही तडजोड झाली. ती कशी झाली, हाच आमचा विषय आहे.

पहिला गैरसमज असा, की फॅसिस्टांनी सत्ता बंदुकीच्या जोरावर बळकावली. १९१९ च्या निवडणुकीत त्यांना एकही जागा मिळाली नव्हती. १९२१ साली जेमतेम पस्तीस मिळाल्या, त्याही जुन्या उदारमतवादी नेत्यांनी आपल्या आघाडीत घेतले म्हणून. दरम्यान त्यांच्या काळ्या सदऱ्यांच्या टोळ्या गावोगावच्या कामगार संघांच्या व सहकारी संस्थांच्या कचेऱ्या जाळत होत्या, विरोधकांना दंडुक्यांनी मारत होत्या, जबरदस्तीने एरंडेल पाजत होत्या. पोलीस बहुधा दुसरीकडे पाहत. ऑक्टोबर १९२२ मध्ये रोमवर "मोर्चा" आला तेव्हा राजाने लष्करी कायद्याच्या हुकमावर सही करायचे नाकारले, आणि मुसोलिनी मिलानहून रात्रीच्या आगगाडीने, झोपण्याच्या डब्यातून, पंतप्रधान व्हायला आला. संसदेने त्याच्यावर ३०६ विरुद्ध ११६ मतांनी विश्वास दाखवला. पस्तीस सभासदांच्या पक्षाला ३०६ मते! उरलेली मते सभ्य, सुशिक्षित, घटनेची शपथ घेतलेल्या माणसांची होती. त्यांत कॅथलिकांच्या जनता पक्षाचीही होती. त्यांचे मंत्रीही त्या पहिल्या मंत्रिमंडळात बसले. प्रत्येकाचा हिशेब एकच : आत राहिलो तर आपले काहीतरी वाचेल.

हा जनता पक्ष १९१९ साली लुईजी स्तुर्झो नावाच्या सिसिलियन धर्मगुरूने उभारला होता. पहिल्याच निवडणुकीत त्याने शंभर जागा जिंकल्या होत्या. स्तुर्झो हे फॅसिझम ओळखणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी होते आणि म्हणूनच अडचणीचे होते. सरकारने वर्गांत क्रूस पुन्हा लावले होते, प्राथमिक शाळांत धर्मशिक्षण परत आणले होते. एवढे देणाऱ्या सरकारशी एका धर्मगुरूने भांडावे, हे रोममधील वरिष्ठांना रुचेना. जुलै १९२३ मध्ये वरून आलेल्या दडपणाखाली स्तुर्झो ह्यांनी पक्षाचे चिटणीसपद सोडले. त्याच महिन्यात एक नवा निवडणूक कायदा कनिष्ठ सभागृहात संमत झाला. ज्या यादीला सर्वांत जास्त, म्हणजे किमान पंचवीस टक्के, मते मिळतील तिला दोन तृतीयांश जागा बहाल! कॅथलिक सभासदांत फूट पडली, अनेक तटस्थ राहिले. पुढच्या वर्षी स्तुर्झो परदेशी गेले ते १९४६ सालीच मायदेशी परतले. क्रूस भिंतीवर आला आणि स्तुर्झो देशाबाहेर गेले. हा सौदा ज्यांना फायद्याचा वाटला त्यांच्याविषयी आम्हांला राग नाही, पण आदरही नाही.

पुढचे सारे सर्वांदेखत झाले. जून १९२४ मध्ये समाजवादी खासदार जाकोमो मातेओत्ती ह्यांचे भर दिवसा अपहरण झाले. निवडणुकीतील दंडेलीचा पाढा त्यांनी संसदेत वाचला, त्याला दोन आठवडेही झाले नव्हते. त्यांचा मृतदेह ऑगस्टमध्ये सापडला. देश हादरला, सरकार डळमळले, आणि राजा गप्प राहिला. ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनीने संसदेत उभे राहून घडल्या प्रकाराची सारी जबाबदारी आपली आहे असे उघड सांगितले. त्याला कोणी हात लावला नाही. तिथून हुकूमशाही सुरू झाली असे इतिहासकार मानतात. १९२६ अखेर इतर पक्ष विसर्जित झाले होते, निवडून आलेल्या नगराध्यक्षांच्या जागी सरकारनियुक्त अधिकारी बसले होते आणि राजकीय गुन्ह्यांसाठी खास न्यायासन स्थापन झाले होते. त्यावर न्यायाधीश म्हणून सैन्यातील आणि पक्षाच्या सशस्त्र दलातील अधिकारी बसत, आणि निकालावर अपील नसे.

वाचकहो, आंब्याखालच्या आमच्या मित्रांना वाटते की हुकूमशहा आला की नगरपालिकेतील टक्केवारी थांबते. नगराध्यक्षाला निवडणुकीत पाडता येते, वर्तमानपत्रात उघडे पाडता येते. ज्याला वरून नेमले त्याचे काय करणार? इटलीत तक्रार करायची जागाच उरली नाही. दररोज वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत सूचनांचे कागद येत : काय छापावे, काय वगळावे. पत्रकाराला धंदा करायचा तर सरकारमान्य नोंदवहीत नाव हवे. मग लाचलुचपत नाहीशी झाली असे दिसते खरे, कारण तिची बातमी नाहीशी होते. गाड्या वेळेवर धावत असत, ही कीर्तीही अशीच. आम्ही स्वतः ती सेमिनरीच्या दिवसांत ऐकली होती, आणि ग्रंथालयातील जुन्या इंग्रजी कॅथलिक मासिकांत इटलीतील शिस्तीचे गोडवे वाचून खरीही मानली होती.

त्या मासिकांना सर्वांत भुरळ पडली होती ती धंदेवार मंडळांची. तेराव्या लिओंनी १८९१ साली मालक-मजुरांत सलोखा हवा असे म्हटले होते, आणि फॅसिस्ट म्हणत होते की आम्ही दोघांना एका मेजावर बसवतो. सिद्धान्त देखणा होता. प्रत्यक्षात १९२६ च्या कायद्याने संप हा गुन्हा ठरला. प्रत्येक धंद्यात सरकारने मान्य केलेला एकच कामगार संघ उरला, आणि त्याचे पुढारी कामगारांनी निवडलेले नसून पक्षाने पाठवलेले असत. मालकांच्या बाजूला मात्र मालकच बसत. ज्यांचा एवढा गाजावाजा झाला ती बावीस मंडळे प्रत्यक्षात १९३४ साली स्थापन झाली. तोवर १९२७ आणि १९३० मध्ये मजुरी वरून कापली गेली होती. अकराव्या पायस ह्यांनीही त्याच मे महिन्याच्या परिपत्रकात, बऱ्याच सौम्य शब्दांत, ही व्यवस्था फार सरकारी व राजकीय होत असल्याची भीती नमूद केली आहे. ती वाक्ये त्या मासिकांत आम्हांला आढळली नव्हती.

मग माणसे काय करत होती? बहुतेक जण नोकरी सांभाळत होते. सरकारी नोकरीला पक्षाचे ओळखपत्र लागू लागले तेव्हा इटालियन लोक पक्षाच्या तीन आद्याक्षरांची फोड "कुटुंबाच्या गरजेपोटी" अशी करून खिन्नपणे हसत. हा विनोद आम्हांला त्या राजवटीवरचा सर्वांत मार्मिक ग्रंथ वाटतो. १९३१ साली विद्यापीठांतील बाराशेहून अधिक प्राध्यापकांना राजवटीशी एकनिष्ठतेची शपथ घ्यायला सांगितले गेले. नकार देणारे डझनभर निघाले. बाकीचे फॅसिस्ट होते काय? मुळीच नाही. त्यांतील पुष्कळांना ती शपथ हास्यास्पद वाटत होती. पण राज्याला त्यांची श्रद्धा नको होती, त्यांची सही हवी होती. सिद्धान्त माणसाचा आत्मा मागतो, व्यवहार सहीवर भागवतो, आणि सही देणारा समजतो की आत्मा शिल्लक राहिला.

छळ झालाच नाही असे नाही. खास न्यायासनाने सुमारे साडेचार हजार जणांना शिक्षा दिल्या. हजारो लोकांना खटल्याशिवाय दूरच्या बेटांवर आणि डोंगरी खेड्यांत स्थानबद्ध केले. कॅथलिक नेते आल्चिदे दे गास्पेरी ह्यांनी तुरुंग भोगला आणि नंतर व्हॅटिकनच्या ग्रंथालयात साधी नोकरी करून दिवस काढले. पुढे १९४५ साली तेच पंतप्रधान झाले. पण जर्मनी वा रशियाच्या मानाने हा आकडा लहान होता आणि त्यातच खरी गोम आहे. प्रत्येकाला मारावे लागत नाही. शेजाऱ्याविषयी निनावी पत्र लिहिणारे गावात पुरेसे असले की पोलिसांना घरोघर जावे लागत नाही. मार्च १९२९ च्या मतदानात चारशे नावांची एकच यादी होती आणि "होय" किंवा "नाही" एवढेच म्हणायचे होते. "होय"ची चिठ्ठी तिरंगी, "नाही"ची कोरी पांढरी. पंचाऐंशी लाख "होय" निघाले आणि सुमारे एक लाख पस्तीस हजार "नाही". त्या वेळी पुष्कळ धर्मगुरूंनी "होय" म्हणा असे सांगितले, कारण सहाच आठवड्यांपूर्वी, ११ फेब्रुवारीला, लॅटरन करार झाला होता.

हा करार आम्ही तुच्छ लेखत नाही. साठ वर्षांचे भांडण मिटले, पोपमहोदयांना ४४ हेक्टरांचे स्वतंत्र राज्य मिळाले, धार्मिक विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली, शाळांत धर्मशिक्षण वाढले. आपली शाळा वाचली! अकराव्या पायस ह्यांनी मुसोलिनीचा उल्लेख विधात्याने भेट घडवलेला माणूस अशा अर्थाने केला. दोन वर्षे पुरी होतात न होतात तोच, मे १९३१ मध्ये, देशभरातील कॅथलिक युवक मंडळांच्या कचेऱ्या पोलिसांनी बंद केल्या. पोपमहोदय संतापले. त्यांनी २९ जूनच्या परिपत्रकात राज्याच्या ह्या मूर्तिपूजेवर कडाडून टीका केली. ते परिपत्रक आजही वाचावे, इतके ते निर्भय आहे. पण सप्टेंबरात समेट झाला. मंडळे पुन्हा उघडली, मात्र प्रार्थना व धार्मिक शिक्षणापुरती. युवकांचे खेळ बंद. आपल्या मे महिन्यातील फुटबॉलच्या सामन्यांवर बंदी आली असे समजा आणि मग विचार करा, की राज्याला चेंडूची भीती का वाटावी? कारण सिद्धान्ताप्रमाणे मूल राज्याचे होते. आठव्या वर्षापासून त्याला बालिला संघटनेत काळा सदरा घालून कवायतीला जायचे होते. तिच्यासाठी कॅथलिक बालवीर पथके १९२८ पर्यंत गुंडाळली गेली होती.

परदेशी पाहुण्यांना ही कवायत फार आवडे. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे मार्च १९३१ मध्ये रोमला गेले, बालिलाच्या संस्था पाहून प्रभावित झाले आणि मुसोलिनीला भेटून आले. त्याआधी १९२६ साली रवींद्रनाथ टागोर सरकारी पाहुणे होते. त्यांनीही तिथे कौतुकाचे शब्द काढले. परंतु इटलीबाहेर पडल्यावर रोमाँ रोलाँ आणि काही निर्वासितांकडून त्यांना दुसरी बाजू कळली, तेव्हा त्यांनी इंग्रजी वृत्तपत्रात पत्र लिहून आपले मत जाहीरपणे स्पष्ट केले. चूक दुरुस्त करायला कवीला दोन-तीन महिने लागले. आपल्यापैकी काहींना त्याहून बराच जास्त वेळ लागला.

तो वेळ कशात गेला? ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर स्वारी केली. तो ख्रिस्ती देश होता, आपल्या सेंट थॉमसच्या परंपरेइतकाच जुन्या श्रद्धेचा अभिमान बाळगणारा. मिलानच्या कार्डिनल शुस्टर ह्यांनी त्या स्वारीला कॅथेड्रलमधून आशीर्वाद दिले. १८ डिसेंबरला राणीने आपली लग्नाची अंगठी राष्ट्राला दिली आणि देशभर लाखो स्त्रियांनी तिचे अनुकरण केले. बदल्यात लोखंडी अंगठी मिळे, आणि धर्मगुरू ती आशीर्वादित करून देत. पवित्र विवाहसंस्काराच्या वेदीवर घातलेले सोने विषारी वायूच्या युद्धासाठी! तो वायू वापरल्याचे इटलीच्या सरकारने कबूल केले १९९६ साली. मे १९३७ मध्ये देब्रे लिबानोस ह्या प्राचीन मठातील संन्यासी व धर्मसेवक इटालियन सैन्याने गोळ्या घालून मारले. सैन्याच्या स्वतःच्या अहवालातच ती संख्या चारशेवर आहे.

ऑगस्ट १९३८ मध्ये ज्यू नागरिकांची स्वतंत्र शिरगणती झाली आणि शरद ऋतूत त्यांच्याविरुद्ध कायदे आले. जेमतेम पंचेचाळीस हजारांचा तो समाज. त्यांची मुले शाळांतून काढली, शिक्षक बडतर्फ केले. सप्टेंबरात वृद्ध पोपमहोदय बेल्जियन यात्रेकरूंपुढे डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, की आध्यात्मिक दृष्ट्या आपण सारे सेमिटिक आहोत. व्हॅटिकनच्याच दैनिकाने त्या भाषणाचा वृत्तान्त छापताना ज्यूंविषयीचा भाग गाळला. आणि कायदे आल्यावर ख्रिस्तसभेचा अधिकृत निषेध कशाविरुद्ध होता? बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंच्या विवाहासंबंधीच्या कलमाविरुद्ध, कारण ते कलम १९२९ च्या कराराचा भंग करत होते. आमची कलमे सांभाळा, बाकी तुमचे तुम्ही पाहा! हे लिहिताना आमची लेखणी अडखळते, पण ते लिहिलेच पाहिजे. ऑक्टोबर १९४३ मध्ये जर्मनांनी रोममधून हजाराहून अधिक ज्यू आउश्वित्झला नेले. त्यातील सोळा परत आले. त्याच दिवसांत रोमच्या मठांनी हजारो ज्यूंना दार उघडून आत घेतले, हेही तितकेच खरे आहे. दार उघडणाऱ्या त्या सिस्टरांना आम्ही मनोमन वंदन करतो. परंतु पाच वर्षांपूर्वी शाळेतून काढलेल्या मुलासाठी कोणी दार ठोठावले असते, तर?

कोणी म्हणेल, इटली सोडा, एखादा सच्चा कॅथलिक हुकूमशहा असता तर? गोव्यातील आमच्या वाचकांनी तोही पाहिला आहे. सालाझार फॅसिस्ट होता की नव्हता ह्यावर विद्वान अजून वाद घालतात, घालोत बापडे. त्या भाविक गृहस्थाने १९३३ ची राज्यघटना पोपमहोदयांच्या सामाजिक शिकवणीच्या नावाने सजवली होती. पोर्तोचे बिशप अंतोनिओ फेरेरा गोमिश ह्यांनी १९५८ साली त्याला पत्र लिहून गरिबांच्या स्थितीविषयी व राजकीय स्वातंत्र्याविषयी चार प्रश्न विचारले. दुसऱ्याच वर्षी बिशपांना देशाबाहेर राहावे लागले आणि दहा वर्षे परतता आले नाही. मिरवणुका मात्र चालूच होत्या.

इटलीतील यंत्र मोडले ते किती सहज! २५ जुलै १९४३ रोजी राजाने मुसोलिनीला बडतर्फ करून अटक केली. पक्षाचे सभासद चाळीस लाखांहून अधिक होते. त्याच्यासाठी त्या दिवशी रस्त्यावर कोणीही उतरले नाही. इतका पोकळ वासा वीस वर्षे उभा राहिला तो आत उभ्या असलेल्यांच्या खांद्यांवर. राजा, न्यायाधीश, प्राध्यापक, कारखानदार, बिशप ह्यांतील एकेकाने आपल्या अंगणापुरता विचार केला. आपले अंगण वाचवणे ही चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या धर्मग्रामाच्या शाळेच्या मान्यतेसाठी आम्हीही कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत आणि नको त्या साहेबांना शुभेच्छापत्रे पाठवली आहेत. प्रश्न असा आहे, की ते पत्र पाठवताना शेजारच्या अंगणात काय चालले आहे हे पाहायचे आम्ही थांबतो की नाही.

आमच्या त्या मित्राला पुढच्या रविवारी आम्ही एक गोष्ट सांगितली. फेरारा शहराजवळच्या अर्जेंता गावी डॉन जिओव्हानी मिंझोनी नावाचे प्रमुख धर्मगुरू होते. पहिल्या महायुद्धात सैन्याचे चॅप्लन, शौर्यपदकाचे मानकरी. देशप्रेम त्यांना कोणी शिकवायला नको होते. गावातील मुलांसाठी त्यांनी बालवीर पथक काढले आणि फॅसिस्टांनी सांगूनही ते बंद केले नाही. २३ ऑगस्ट १९२३ च्या रात्री घरी परतताना दोघांनी पाठीमागून त्यांच्या डोक्यावर दंडुका घातला. त्याच रात्री ते गेले. तेव्हा लॅटरन करार व्हायचा होता, मातेओत्तींचा खून व्हायचा होता, आणि शाळांत क्रूस लागून झाले होते. १९२५ साली खटला चालला, आरोपी निर्दोष सुटले. त्यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्याची प्रक्रिया धर्मप्रांतात २०२३ साली सुरू झाली.

मित्र बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "फादर, त्या पथकात पोरं किती होती?"

आम्हांला ते ठाऊक नव्हते.